अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र : एकत्र अभ्यासाचे प्रयोजन

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस आले म्हणजे विहारात येणारे अनेक पालक आपल्या मुलामुलींसह आमच्याकडे येऊन बसतात. विज्ञान वा वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्यांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. कला शाखेकडे वळणाऱ्यांची मनःस्थिती मात्र द्विधा असते. राज्यशास्त्र घ्यावे की अर्थशास्त्र, असा त्यांचा प्रश्न असतो. राज्यशास्त्र स्पर्धा परीक्षांना उपयोगी पडते असे कोणी त्यांना सांगितलेले असते. अर्थशास्त्रात आकडेमोड फार, ते झेपायचे नाही, असेही कोणी सांगितलेले असते. अशा रीतीने बहुतेकांच्या यादीतून अर्थशास्त्र गळते. ज्यांना बँकेची वा हिशेबाची नोकरी हवी असते ते अर्थशास्त्र घेतात, आणि त्यांच्या यादीतून राज्यशास्त्र गळते.

या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, जेथे शक्य असेल तेथे हे दोन्ही विषय एकत्र घ्यावेत. हे उत्तर सोयीचे नाही, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून त्यामागील कारणे सविस्तर मांडण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

दोन शास्त्रांची फारकत

आज विद्यापीठात हे दोन विषय स्वतंत्र विभागांत शिकवले जातात. परंतु ही फारकत फार जुनी नाही. ॲडम स्मिथ यांचा राष्ट्रांच्या संपत्तीविषयीचा ग्रंथ १७७६ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी या शास्त्राला 'राजकीय अर्थशास्त्र' असेच म्हणत आणि स्वतः स्मिथ त्याला राज्यकर्त्याच्या व कायदे करणाराच्या शास्त्राची शाखा मानीत. कर कोणावर बसवावा, धान्याच्या व्यापारावर निर्बंध असावेत की नसावेत, कंपनीला व्यापाराची मक्तेदारी द्यावी काय, हे सारे प्रश्न एकाच वेळी धनाचे आणि सत्तेचे होते. पुढे १८९० साली आल्फ्रेड मार्शल यांचा अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ आला आणि त्या सुमारास 'राजकीय' हे विशेषण हळूहळू मागे पडून नुसते 'अर्थशास्त्र' हे नाव रूढ झाले. अशा विभागणीने दोन्ही शास्त्रांना सूक्ष्मता आली, हे मान्य केले पाहिजे. तथापि किंमत कशी ठरते हे शिकणारा विद्यार्थी कायदा कोण करतो हे विसरू लागला आणि कायदा कसा होतो हे शिकणारा त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो हे विसरू लागला, हा त्या विभागणीचा तोटाही झाला.

ही उणीव पाश्चात्त्य विद्यापीठांच्याही ध्यानात आली होती. १८९५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या ज्या संस्थेत पुढे बाबासाहेब शिकले, तिच्या नावातच अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र ही दोन्ही शास्त्रे आहेत. ऑक्सफर्डमध्ये १९२० साली तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांचा एकत्रित पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला १९३० साली स्थापन झालेल्या गोखले संस्थेनेही आपल्या नावात ही दोन्ही शास्त्रे धारण केली. त्याही पूर्वी, १८८३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा विचार सारा, कर, कर्ज आणि सरकारी कचेऱ्यांतील विशिष्ट वर्णाचे वर्चस्व या सर्वांना एकत्र धरून केला होता. जोतीरावांपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. पण दारिद्र्याचे मूळ शोधताना सत्तेचा विचार टाळता येत नाही, हे त्यांना पुरते उमगले होते.

तथागतांच्या उपदेशातील विचार

बौद्ध वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राजाला मोठा यज्ञ करावयाचा असतो. त्याचा पुरोहित त्याला सांगतो की, राज्यात चोऱ्या, लूटमार चालू आहे. अशा वेळी नवा कर बसविणे योग्य नव्हे. चोरांना देहदंड दिल्याने, तुरुंगात डांबल्याने वा हद्दपार केल्यानेही हा उपद्रव संपणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा तेच करतील. उपाय एकच : जे शेती व गोपालन करतात त्यांना बी-बियाणे आणि अन्न द्यावे, जे व्यापार करतात त्यांना भांडवल द्यावे, जे राजसेवेत आहेत त्यांना योग्य वेतन द्यावे. लोक आपापल्या कामात गुंतले की राज्याचे उत्पन्नही वाढेल आणि लोक निर्भयपणे दारे उघडी टाकून राहतील.

या कथेत कायदा-सुव्यवस्था हा राज्यशास्त्राचा विषय आहे आणि बी-बियाणे, भांडवल, वेतन हा अर्थशास्त्राचा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यात आहे, हे तथागतांनी दाखवून दिले. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात याचीच दुसरी बाजू येते. राजाने प्रजेचे रक्षण केले, परंतु निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी वाढली, चोरीला शिक्षा म्हणून शिरच्छेद सुरू झाला, मग लोकांनीही शस्त्रे हाती घेतली, आणि समाजाचा क्रमाक्रमाने ऱ्हास झाला. अग्गञ्ञ सुत्तात तर राज्यसंस्थेच्या उगमाचीच मीमांसा आहे. शेतांच्या सीमा आखल्या गेल्या, मग दुसऱ्याच्या वाट्याची चोरी होऊ लागली, आणि ती आवरण्यासाठी लोकांनी आपल्यातूनच एकाची निवड करून त्याला आपल्या धान्याचा हिस्सा देऊ केला, तो महासम्मत. राजा दैवी नसून लोकसंमत आहे आणि त्याला मिळणारा कर हे त्याच्या कामाचे वेतन आहे, असा याचा अर्थ निघतो. आजच्या विद्यापीठातील राजकीय अर्थशास्त्राचा वर्ग या तीन सुत्तांपासून सुरू करता येईल, असे आम्हांस वाटते.

बाबासाहेबांचा अभ्यासक्रम

बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची जी नोंद उपलब्ध आहे ती आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावी. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम; शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचा प्राथमिक अभ्यास प्रत्येकी एक.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, राज्यशास्त्राचे तर तीनच! पण आकड्यांवर थांबू नये. कोलंबियात त्या काळी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र आणि सार्वजनिक कायदा हे विषय 'राज्यशास्त्र विद्याशाखा' या एकाच छत्राखाली शिकवले जात. बाबासाहेबांचे मार्गदर्शक एडविन सेलिग्मन हे करशास्त्राचे नामांकित पंडित. तेही याच विद्याशाखेतील प्राध्यापक. म्हणजे ज्या विद्याशाखेत बाबासाहेबांनी अर्थशास्त्र आत्मसात केले तिचे नावच राज्यशास्त्र होते. त्यांनी दोन विषयांचे तास समसमान वाटून घेतले नव्हते. अर्थशास्त्र हा पाया धरून त्यांनी त्यावर राज्य, समाज आणि इतिहास यांचा विचार उभारला. एकत्र अभ्यासाचा आम्हांस अभिप्रेत असलेला अर्थ हाच आहे.

१९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था यांवर एम.ए.साठी प्रबंध लिहिला; १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम करून, पैसा साठवून, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या, कोलंबियाची पीएच.डी. १९२७ साली रीतसर मिळाली. या काळात ग्रेज इनमधून ते बॅरिस्टरही झाले. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि कायदा यांची ही एकत्र वाटचाल होती.

ग्रंथांतून दिसणारी सांगड

ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्याचा विषय वरवर पाहता रुक्ष आहे. १८३३ च्या सनदी कायद्याने देशाचा सारा जमाखर्च मध्यवर्ती सरकारच्या हाती एकवटला. १८७१ पासून तो प्रांतांकडे थोडाथोडा सोपविला गेला. आधी ठरावीक रकमा नेमून देण्यात आल्या, मग काही उत्पन्ने नेमून देण्यात आली, आणि १८८२ नंतर उत्पन्नात वाटणी सुरू झाली. हे तीन टप्पे बाबासाहेबांनी आकडेवारीसह तपासले. परंतु त्यांचा शेवटचा प्रश्न राज्यशास्त्राचा आहे : हा पैसा खर्च करणारे सरकार कोणाला जबाबदार आहे? जे सरकार लोकांना जबाबदार नाही ते जमीन महसूल आणि मीठकर गोरगरिबांकडून घेईल, सैन्यावर उदार हाताने खर्च करील आणि शिक्षणावर हात आखडता घेईल. सामाजिक अन्यायाला हात घालण्याचे धाडसही ते करणार नाही. हिशेबाच्या वहीतून राज्याचे स्वरूप वाचण्याची ही पद्धत आहे.

१९२३ सालच्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथातही हेच दिसते. त्या काळच्या सुवर्ण विनिमय परिमाणाचा पुरस्कार जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ साली केला होता. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. या पद्धतीत रुपये किती पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर राहते; चलन वाढले की किमती वाढतात; आणि किमतींच्या मागोमाग मजुरी त्याच वेगाने वाढत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. रुपयाचे मूल्य घसरले असता निर्यातदाराला जो नफा होतो तो आकाशातून पडत नाही. तो मजुराच्या पोटातून येतो, हे त्यांनी दाखविले. एकाच विनिमय दराने देशातील एका वर्गाचा लाभ आणि दुसऱ्या वर्गाची हानी होते, हे ज्याला कळते त्यालाच 'राष्ट्रहित' या शब्दाची फोड करता येते. या ग्रंथाला प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि तीत त्यांनी काही बाबतींत आपला मतभेद स्पष्ट नोंदविला आहे. गुरूने मतभेद नोंदवूनही शिष्याच्या विचारांतील ताजेपणाची दखल घ्यावी, ही विद्यापीठीय परंपरा आपणही अंगी बाणवली पाहिजे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. रिझर्व्ह बँक या ग्रंथावरूनच स्थापन झाली, असे आपल्या सभांतून सरसकट सांगितले जाते. बाबासाहेबांनी १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, त्या आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली, एवढे निश्चित आहे. अभ्यासकाने जेवढे सिद्ध आहे तेवढेच म्हणावे. बाबासाहेबांच्या मोठेपणाला अतिशयोक्तीच्या आधाराची गरज नाही; त्यांचे मूळ ग्रंथ वाचणाऱ्यांची गरज आहे.

अभ्यासाकडून कृतीकडे

हा अभ्यास ग्रंथालयात राहिला नाही. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या वेळी मताधिकार मालमत्तेवर अवलंबून असे. ज्या समाजाला अस्पृश्यतेमुळे व्यापार, नोकरी आणि जमीन यांपासून दूर ठेवले गेले, त्याला मालमत्तेची अट लावणे म्हणजे अन्यायाच्या परिणामालाच अपात्रतेचे कारण ठरविणे होय. म्हणून अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणावी आणि त्यांना स्वतःचे प्रतिनिधी मिळावेत, अशी मागणी त्यांनी केली. मताधिकार हा राज्यशास्त्राचा प्रश्न; पण त्याची किल्ली अर्थशास्त्राच्या हाती होती.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला सारा वसूल करणारा. पण गावात त्याच्या हाती धन आणि सत्ता एकवटलेली असे. त्यामुळे खोतीवरचा घाव एकाच वेळी दोन्हींवर पडणारा होता. खोती पुढे १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली.

१९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर ही सांगड परिपूर्ण रूपात दिसते. शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विम्याची मक्तेदारी राज्याकडे असावी, आणि ही अर्थरचना साध्या कायद्याने नव्हे तर घटनेनेच निश्चित करावी, असे त्यांनी सुचविले. कारण साधा कायदा उद्याचे बहुमत बदलू शकते. बेकार माणसाला नोकरीच्या बदल्यात आपले हक्क सोडून द्यावे लागत असतील तर त्या मूलभूत हक्कांना काय अर्थ उरतो, हा त्यामागील प्रश्न होता. ही योजना संविधानात आली नाही. मात्र केंद्र व राज्ये यांच्यातील महसुलाच्या वाटणीसाठी वित्त आयोगाची तरतूद अनुच्छेद २८० मध्ये आली. प्रांतिक वित्तव्यवस्थेचा अभ्यासक मसुदा समितीचा अध्यक्ष असणे, ही देशाच्या दृष्टीने केवढी भाग्याची गोष्ट होती! आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या भाषणात त्यांनी इशारा दिला की, राजकारणात आपण समता स्वीकारीत आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहणार आहे. हा अंतर्विरोध लवकर दूर केला नाही तर ज्यांना विषमतेची झळ लागते ते राजकीय लोकशाहीचा हा डोलाराच उद्ध्वस्त करतील. हा इशारा समजण्यासाठी दोन्ही शास्त्रांची दृष्टी लागते.

आजची कसोटी

आता आपल्या काळाकडे येऊ. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना सहाव्या पंचवार्षिक योजनेच्या सुमारास, १९७९-८० पासून, सुरू झाली; पुढे तिला अनुसूचित जाती उपयोजना हे नाव मिळाले. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवावा, हे तिचे तत्त्व. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींचे प्रमाण देशात १६.६ टक्के आणि महाराष्ट्रात ११.८ टक्के आहे. तत्त्व स्पष्ट आहे. पण निधी खरोखर कोठे गेला, हे कोण पाहणार?

२०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या. दिल्ली राज्यातील या उपयोजनेचा पैसा त्या स्पर्धांच्या कामांकडे वळविला गेल्याचे माहितीच्या अधिकारात मिळविलेल्या कागदपत्रांवरून उघड झाले आणि संसदेत त्यावर चर्चा झाली. ही गोष्ट उघडकीस आली ती घोषणांनी नव्हे; कोणीतरी कागद मागविले, रकाने वाचले, बेरजा केल्या, तेव्हा आली. २०१३ साली आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी उपयोजनेसाठी स्वतंत्र कायदे केले. २०१७-१८ पासून केंद्रीय अर्थसंकल्पात योजनांतर्गत व योजनाबाह्य खर्च हा भेद राहिला नाही. अनुसूचित जातींच्या कल्याणासाठीची तरतूद स्वतंत्र विवरणात दाखविली जाते. त्या विवरणात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे आकडे असतात. वर्षारंभी दाखविलेली रक्कम मोठी असू शकते आणि प्रत्यक्ष खर्च लहान. सर्वसाधारण योजनेच्या खर्चाचा एक भाग उपयोजनेच्या नावाने नोंदलेला असू शकतो. त्यातून एका तरी अनुसूचित जातीच्या कुटुंबाला निश्चित लाभ झाला काय, हे वेगळे तपासावे लागते.

केवळ राज्यशास्त्र शिकलेला कार्यकर्ता संविधानातील अनुच्छेद सांगेल, पण विवरणापुढे थबकेल. केवळ अर्थशास्त्र शिकलेला पदवीधर विवरण वाचील, पण ही तरतूद कोणत्या हक्कातून आली, प्रश्न विधिमंडळात कसा लावावा, महालेखापरीक्षकांच्या अहवालाचा आधार कसा घ्यावा, हे त्याला सुचणार नाही. आपल्या चळवळीला प्रतिनिधित्वाची भाषा चांगली अवगत आहे. अंदाजपत्रकाची भाषा अद्याप पुरेशी अवगत नाही. ही उणीव भरून निघाली नाही तर आपले प्रतिनिधी सभागृहात बसतील, आणि निधी त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरीकडे जाईल.

विद्यार्थ्यांनी काय करावे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या अभ्यासात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडण्याची सोय झाली आहे. या सोयीचा लाभ घेऊन एक शास्त्र मुख्य आणि दुसरे दुय्यम असे निवडता येईल. आमचे मत विचाराल तर अर्थशास्त्र मुख्य ठेवावे. कारण राज्यशास्त्राचे वाचन पुढे स्वप्रयत्नाने वाढविता येते, पण संख्याशास्त्र आणि आर्थिक विश्लेषण यांची शिस्त वर्गात, शिक्षकासमोर, सरावानेच अंगी येते. आकड्यांची भीती बाळगू नये. पदवीच्या पातळीवर लागणारे गणित नियमित सरावाने येण्यासारखे असते. ज्या महाविद्यालयात दोन्ही विषय एकत्र मिळत नाहीत तेथील विद्यार्थ्यांनी एक विषय वर्गात आणि दुसरा अभ्यास मंडळात शिकावा.

यातून नोकरी मिळेल काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. गरिबाने तो विचारलाच पाहिजे. प्रशासन, अध्यापन, संशोधन, पत्रकारिता, बँका या क्षेत्रांत हा अभ्यास उपयोगी पडतो, आणि स्पर्धा परीक्षांत राज्यव्यवस्था व अर्थव्यवस्था हे दोन्ही विषय असतातच. तथापि नोकरी मिळाल्यावर हा अभ्यास संपू नये, एवढीच आमची विनंती आहे.

१९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी, बाबासाहेबांनी राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत प्रशिक्षण विद्यालय सुरू केले होते. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ते फार काळ चालू शकले नाही. ते अपुरे राहिलेले काम मोठ्या इमारतीवाचूनही पुढे नेता येईल. प्रत्येक विहारात वर्षातून एकदा, अर्थसंकल्प मांडला गेल्यानंतरच्या पंधरवड्यात, चार विद्यार्थ्यांनी एकत्र बसून उपयोजनेचे विवरण वाचावे, मागील वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहावे आणि रविवारच्या वंदनेनंतर उपासक-उपासिकांना ते साध्या मराठीत समजावून सांगावे. महाविजित राजाला बी-बियाण्यांची आणि वेतनाची आठवण करून देणारा एक सल्लागार होता. लोकशाहीत ती जबाबदारी नागरिकांवर येते. आणि ती पार पाडण्याची पात्रता अभ्यासानेच येते.